गेर्बर म्हणजे कातडी कमावणारा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. तालुक्याच्या हायस्कुलात आम्हाला विज्ञान शिकवणारे आमचे सर. आईवडिलांनी वाढवलं, ते वेगळं. त्याला कोणी उपकार म्हणत नाही. पण आज मी पदवी घेतलेला, परदेशात नोकरी केलेला, चारचौघांत खुर्चीवर बसणारा माणूस आहे तो सरांमुळे. माझं आडनावसुद्धा सरांनीच ठेवलेलं आहे.

ती गोष्ट अशी. आठवीत नाव घालायला बाबा मला घेऊन गेले. शाळेचे कारकून रजेवर होते म्हणून सर रजिस्टर उघडून बसले होते. बाबांनी चपला बाहेर काढल्या आणि ते दाराच्या बाहेरच उभे राहिले. सरांनी दोनदा "आत या" म्हटलं, तरी आले नाहीत. मला मात्र पाठीवर हात ठेवून आत ढकललं.

"आडनाव?" सरांनी विचारलं.

"आडनाव कशाचं, सर? गावात आमाला धंद्यावरनंच हाक मारत्यात," बाबा बाहेरून म्हणाले.

आधीच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी तीच हाक लिहिलेली होती. सरांनी तो कागद वाचून बाजूला सारला. मग त्यांनी आमच्या गावाच्या नावाला 'कर' जोडलं आणि दौतीत टाक बुडवून ते रजिस्टरमध्ये लिहिलं. नियमात बसत होतं की नाही कोण जाणे.

"जातीचा रकाना सरकारसाठी असतो," ते म्हणाले. "आडनाव रोजच्या हाकेसाठी असतं. हाक तरी चांगली असू दे."

आमचा धंदा कातडी कमावण्याचा. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी आमची चार घरं होती.

नववीत असताना सरांनी वर्गात चुन्याचे उपयोग विचारले. कोणी भिंत म्हणालं, कोणी पान म्हणालं. मी उभा राहून सांगितलं, "कातडं चुन्यात भिजत ठेवलं की केस सुटतात." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "तरीच म्हटलं वास कसला येतोय!" आणि सगळ्या बाकाने नाकं धरली. सरांनी धडा पुरा केला. सुट्टीत मला व्हरांड्यात बोलावलं.

"तू सांगितलंस ते बरोबर होतं. पुस्तकातही नाही इतकं बरोबर. पण यापुढे वडील काय करतात हे कुणाला सांगू नकोस. व्यापार करतात म्हणायचं. खरं आज नाही सांगायचं, उद्या नाही, कधीच नाही. दे शब्द."

मी त्यांच्या हातात हात दिला. त्यांचा हात खडूने पांढरा होता, तो रंग माझ्या हाताला लागला.

त्या मुलांना सर का रागावले नाहीत, हा प्रश्न मला फार वर्षांनी पडला. सर एकटे होते, त्या गावात भाड्याने राहत होते, आणि मला दहावीच्या पलीकडे पोचवायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. जे हातात होतं ते त्यांनी केलं. मी शब्द पाळला. इंजिनिअरिंगला गेलो, वसतिगृहात राहिलो, मुंबईत नोकरी केली, सिंगापूरला गेलो. सगळीकडे बाबा व्यापार करत होते.

सिंगापुरात आम्ही बेडोकला राहायचो आणि माझं ऑफिस जुरोंग ईस्टला, म्हणजे बेटाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, पाऊण तासाच्या वर लागे. पाणी गाळून शुद्ध करणाऱ्या पातळ पडद्यांवर आमच्या प्रयोगशाळेत काम चाले. सार्सची साथ ओसरून वर्ष झालं असेल, तेव्हा आमच्या विभागाला प्रमुख म्हणून एक जर्मन गृहस्थ आले. पन्नाशी उलटलेले, उंच, जरा उन्हात गेले की लाल होणारे. दुपारी आमच्याबरोबर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसत आणि तिखट लागलं की डोळे पुसत पुसत ताट संपवत. त्यांच्या दारावर पाटी लागली: गेर्बर. इथे मी कोणाचं नाव लिहीत नाही, पण हे लिहितो, कारण हे त्यांच्या एकट्याचं नाही. त्यांच्या देशात असंख्य लोकांचं हे आडनाव आहे, आणि ही सगळी हकीकत त्याच शब्दाची आहे.

त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक वस्तू टांगलेली होती. हातभर लांब, किंचित वाकलेलं पातं आणि दोन्ही टोकांना लाकडी मुठी. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या एका सिंगापुरी सहकाऱ्याने विचारलं, "बॉस, हे उशिरा येणाऱ्यांसाठी आहे का?" सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी ती ओळखली होती. आमच्या घरी तशीच होती. फक्त आमच्या मुठी बाभळीच्या होत्या आणि एका मुठीला सुतळी गुंडाळलेली होती.

"माझ्या पणजोबांची," साहेब अभिमानाने म्हणाले. "कातड्यावरचं मांस आणि केस खरवडायची. गेर्बर म्हणजे कातडी कमावणारा. आमच्या घराण्यातले ते शेवटचे."

पुढे कितीतरी दुपारी त्यांनी मला त्या शब्दाबद्दल सांगितलं. मीच विचारायचो, आणि त्यांना सांगायला आवडायचं. ओकच्या सालीत कमावलेलं कातडं लालसर होतं आणि तुरटीने कमावलेलं पांढरं. दोन्ही कामांचे कारागीर वेगळे, आणि दोघांच्या धंद्यांवरून वेगवेगळी आडनावं झाली. त्या शब्दाच्या मुळाशी कातडंही नाही आणि वासही नाही, असं ते म्हणाले. फार जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ नुसता 'तयार करणे' असा होता. कच्ची वस्तू उपयोगाला येईल अशी करणे. त्याच कुळातला शब्द अजून त्यांच्या स्वयंपाकघरात आहे: बटाटा पुरता शिजला की तो 'गार' झाला म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे गार झालेलं कोणी खात नाही. ते खूप हसले, त्यांनी ते बायकोला फोनवरही सांगितलं.

आडनावांचा एक जाडजूड कोशही त्यांच्याकडे होता. मला जर्मन येत नव्हतं, पण ते बोट ठेवून सांगत. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर शिंपी, वेबर विणकर, त्सिमरमान सुतार. मला वाटलं, आमच्या गावचे बलुतेदारच ओळीने उभे आहेत. फरक एवढाच की त्यांच्याकडे श्नायडर नावाचा डॉक्टर असला तर त्याला कोणी सदरा शिवायला सांगत नाही, आणि त्याच्या घरी पाणी प्यावं की नाही असा विचार करत नाही. धंदा मागे राहिला आणि आडनाव पुढे निघून आलं. आमच्याकडे माणूस धंदा सोडून कितीही लांब गेला तरी ती हाक त्याच्या मागे चालत येते.

"कातडी कमावणारे गावाच्या खालच्या बाजूला राहायचे," एकदा साहेब म्हणाले. "ओढ्याच्या काठी. वर राहिले तर सगळ्या गावाचं पाणी खराब. कोणाला शेजार नको असायचा. वास!" आणि त्यांनी दोन बोटांनी नाक धरलं.

अगदी तसंच, मागच्या बाकासारखं. पण ते स्वतःच्या पणजोबांबद्दल बोलत होते आणि नाक धरून हसत होते. मला काय वाटलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. हेवा वाटला, असं आज म्हणतो.

"आणि तुझ्या आडनावाचा अर्थ?" त्यांनी विचारलं.

"एका गावाचं नाव आहे. त्या गावचा, एवढाच अर्थ."

"मग पणजोबा काय करायचे?"

"व्यापार."

"कशाचा?"

"किरकोळ," मी म्हणालो, आणि कामाचा कागद पुढे केला.

त्या संध्याकाळी गाडीत बसायला जागा मिळाली आणि बेडोक येईपर्यंत मी आमच्या अंगणात होतो. चुन्याचा हौद. त्यातून काढलेलं कातडं ओंडक्यावर टाकून बाबा वाकून खरवडत, आणि पात्याचा एक लांब, ओला आवाज येई. नंतर कातड्याची पिशवी शिवायची. तीन बांबू माथ्याशी बांधून उभे केलेले असत, त्यांना ती टांगायची आणि आत बाभळीच्या सालीचा चुरा आणि पाणी भरायचं. खालच्या घमेल्यात लाल पाणी थेंब थेंब गळे. ते पुन्हा वर ओतणं हे माझं काम. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन घमेल्याशी बसायचो. एक पान वाचून झालं की एक तांब्या वर. साल भिजल्याचा तो तुरट वास लोकांना आवडत नसे. मला तो शाळेतून येताना ओढ्याच्या वळणावर आला की घर आलं असं वाटे. सिंगापुरात इतके वास होते, डुरियन फळाचे, मसाल्यांचे, समुद्राचे, पण तो एकही दिवस कुठे आला नाही.

बाबांचे हात त्या सालीने कोपरापर्यंत तपकिरी-लाल झालेले होते. साबणाने जात नसत. माझ्या पदवीदानाला ते आले तेव्हा सगळा वेळ त्यांनी हात उपरण्याखाली धरून ठेवले. माझ्या मित्राच्या वडिलांनी हात मिळवायला पुढे केला, तर बाबांनी उपरण्याच्या आतूनच नमस्कार केला. मला तेव्हा बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे: त्यांनी हात लपवले म्हणून मला बरं वाटलं. मी सिंगापूरला जायच्या आधीच ते वारले.

साहेबांनी आडनावाचा अर्थ विचारला त्याच महिन्यात मुलीच्या शाळेत एक उपक्रम निघाला. ती सात वर्षांची होती, मराठी समजायची पण उत्तर तिच्या सिंगापुरी इंग्रजी-मराठी मिश्रणात यायचं, शेवटी तिथल्या सवयीचं 'लाह' लावून. दप्तर फेकत म्हणाली, "पापा, सरनेमचं मीनिंग लिहायचं. अँड आजोबांचं वर्क. ड्रॉइंग पण. मंडेला मस्ट गिव्ह, लाह."

"गावाचं नाव आहे, लिही," मी म्हणालो.

"दॅट्स ऑल? सो शॉर्ट! आजोबा काय करायचे?"

"बिझनेस."

"कसला बिझनेस?"

मुलांना 'किरकोळ' सांगून भागत नाही. मी म्हटलं, उद्या सांगतो.

रात्रीची भांडी आवरताना बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका की. तिला चामडं म्हणजे हँडबॅग वाटते."

"आणि तिने मंडळात जाऊन सांगितलं म्हणजे?"

मंडळ म्हणजे आमच्या ओळखीची पंधरा-वीस मराठी कुटुंबं. महिन्यातून एकदा मरीन परेडच्या कोणाच्या तरी काँडोतल्या फ्लॅटवर जेवण असे. माणसं प्रेमळ होती, अडीअडचणीला धावत. पण नवीन कोणी आलं की पुरणपोळी वाढता वाढता हमखास चौकशी होई: "कर म्हणजे मूळचे कुठले तुम्ही? नाही, म्हणजे त्या गावचे आमच्या ओळखीचेही आहेत, म्हणून विचारलं." तिथेही मी व्यापारावरच निभावून नेलं होतं.

"मंडळातल्यांच्या हँडबॅगा कशाच्या आहेत हो?" बायकोने विचारलं आणि नळ जोरात सोडला.

"मी सरांना शब्द दिलाय."

तिने नळ बंद केला. सरांविरुद्ध ती कधी बोलत नसे. आमच्या लग्नात अक्षता टाकायला ते एसटीच्या तीन गाड्या बदलून आले होते.

शुक्रवारी आमचा विभाग वरच्या मजल्यावर हलायचा होता. सगळे खोकी भरत होते. साहेबांनी भिंतीवरची ती सुरी उतरवली आणि माझ्याकडे दिली. "जरा कागदात गुंडाळतोस?"

मी ती घेतली. नुसती घेतली, बाकी काही केलं नाही. पण माझे अंगठे मुठींच्या वरच्या बाजूला गेले, मनगटं आत वळली, पात्याची धार माझ्यापासून लांब आणि खाली झाली, आणि पोट किंचित आत गेलं. लहानपणी बाबा मला मागून धरून शिकवत ते सगळं अंगातच होतं. मला कळलंही नाही. साहेबांच्या हातातलं खोकं मात्र तसंच राहिलं.

"इथे सगळे ती तलवारीसारखी धरतात," ते हळूच म्हणाले. "मीसुद्धा. तू कुठे शिकलास?"

मी सुरी खाली ठेवायला गेलो. मग त्यांनी दार लोटलं. पॅकिंगच्या प्लॅस्टिकची एक जाड गुंडाळी टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाले, "दाखव."

मी दाखवलं. वरून खाली, एक लांब हात, मग मनगट उचलून परत. दोन-तीन हात झाल्यावर माझ्या तोंडून आलं, "माझे वडील. माझे आजोबा. सगळेच." आणि मग तो इंग्रजी शब्द: टॅनर. इंग्रजीत म्हणायला काहीच जड गेलं नाही. तो शब्द मला कोणी कधी हाक म्हणून मारला नव्हता. साहेबांनी विचारलं, तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी सांगितलं, आमच्याकडे कातडं कमावतात. पैलवान शरीर कमावतो, तसं. ते म्हणाले, "चांगला शब्द आहे. मग लपवलास का?"

मी म्हणालो, "एकाला शब्द दिला होता."

"तो माणूस अजून आहे?"

"आहे."

"मग त्याला कळव," ते म्हणाले, आणि सुरी स्वतःच कागदात गुंडाळायला लागले.

शनिवारी जे झालं ते मी रविवारी सरांना लिहिलं. पत्राचा कच्चा खर्डा माझ्याकडे राहिला आहे. तो जसाच्या तसा देतो.

बेडोक, रविवार

आदरणीय सर,

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं माझ्या गावाकडच्या भावाकडून कळलं, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. डोळ्यांना त्रास झाला तर शेजारच्या कोणाला तरी वाचून दाखवायला सांगा.

आज एक कबुली द्यायची आहे. नववीत असताना व्हरांड्यात मी तुम्हाला जो शब्द दिला होता, तो काल मोडला. आधी विचारायला हवं होतं. पण मुलीची वही सोमवारी द्यायची होती आणि पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागतात. फोन करावा असंही मनात आलं, अर्धा नंबर फिरवलाही. पण तुम्ही 'नको' म्हणाला असतात तर मला ऐकावं लागलं असतं, म्हणून ठेवून दिला. ही लबाडी आहे, तीही सांगून टाकतो.

काल दुपारी मुलीला समोर बसवलं. चटई गुंडाळून तिचा ओंडका केला, लाटणं हातात घेतलं आणि बाबा कसे खरवडत ते दाखवलं. चुना सांगितला, बाभळीची साल सांगितली, टांगलेली पिशवी सांगितली. तिने विचारलं, "आजोबा डेड काऊला हात लावायचे?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "यक." आणि जरा मागे सरकली. खरं सांगतो सर, तेव्हा मला तुमची आठवण आली. वाटलं, हे असं होणार हे सरांना तेव्हाच माहीत होतं.

मग तिने विचारलं, आजोबांना हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, त्यांच्या वडिलांनी. त्यांना? त्यांच्या वडिलांनी. मग म्हणाली, "अँड तुला?" मला शिकवलं आमच्या सरांनी, असं मी सांगितलं आणि तुमची सगळी गोष्ट सांगितली, रजिस्टरपासून. तिने वहीत दोनच वाक्यं लिहिली आहेत: आमचं आडनाव पापाच्या सरांनी दिलं. माझे आजोबा कातडी कमावत. खाली चित्र आहे. त्याची झेरॉक्स सोबत पाठवतो. झेरॉक्समध्ये रंग दिसत नाही म्हणून लिहितो: आजोबांचे हात तिने कोपरापर्यंत तपकिरी-लाल रंगवले आहेत. मला विचारून रंगवले.

सर, आडनाव मी बदलणार नाही. ते तुमच्या हातचं आहे. हाक चांगली असू दे, असं तुम्ही म्हणाला होता. त्या हाकेने मला दारातून आत नेलं. पण बाबा त्या दिवशी बाहेरच उभे राहिले होते, तुम्ही दोनदा बोलावूनही. मला आत येऊन आता इतकी वर्षं झाली. त्यांना अजून बाहेर उभं ठेवावंसं वाटत नाही.

पुढच्या रविवारी इथल्या मराठी मंडळींचं जेवण आहे. कोणी विचारलं तर सांगेन म्हणतो. भीती वाटते, ती गेलेली नाही. जीभ अडखळेल. पण मुलीला सांगून झालं, आता चारचौघांसमोर वेगळं सांगता येणार नाही. ती शेजारीच बसलेली असेल.

रागावला असाल तर तसं लिहा. दोन ओळी लिहा, पण लिहा. दिवाळीत आलो की तिला घेऊन तुमच्याकडे येईन. तिला तुमचे हात बघायचे आहेत. खडूचा रंग तरी उतरतो का, असं विचारते आहे.

एवढी एक गोष्ट सोडून सगळ्यात तुमचं ऐकलेला,

हजेरी क्रमांक एकतीस